पाठीवरचं बिऱ्हाड

गेल्या दिवाळीनंतर माझ्या धाकट्या भावानं त्याच्या जुन्या टेम्पोच्या हौद्यात आईसाठी खोली बांधली. बांधली म्हणजे हौद्याला जोडली नाही. हवी तेव्हा उतरवता येईल अशी नुसती ठेवली. गाडी टाटा चारशे सात, 2003 सालची, वडिलांनी घेतलेली. तासगावची द्राक्षं बाजाराला पोचवण्यात तिचं आयुष्य गेलं आणि अजून तिला निवृत्ती नाही. खोली उतरती हवी होती ती त्यामुळेच.

आईचं वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांपासून तिच्या डोक्यातून जागा निसटायला लागल्या आहेत. माणसं आहेत, गाणी आहेत, कुणाच्या लग्नात कुणी आहेर केला नव्हता तेही आहे. जागा मात्र निसटतात. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम, तेव्हा भाऊ आणि वहिनी दिवसरात्र मळ्यात. म्हणून त्याच्या आदल्या वर्षी मी तिला हैदराबादला आणलं होतं. रात्री उठून ती डाव्या हाताला दार शोधायची, कारण तासगावात दार डाव्या हाताला आहे. माझ्याकडे तिथं कपाट. तिसऱ्या रात्री ती जिन्यात गाठोडं घेऊन बसलेली सापडली. आणि लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा तिचा जुना हट्ट, तो काही ती विसरलेली नाही.

‘ताई, आई जात नाही ना तुझ्या घरात, मग तिचं घर नेऊ की,’ भाऊ फोनवर म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय.

सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा, गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून. आत-बाहेर प्लाय, मध्ये दोन इंच थर्माकोल, वरून पांढरा रंग. चारी कोपऱ्यांना बाहेर काढता येणारे हात आणि त्या हातांना स्क्रूचे उंच जॅक. फाळका पाडायचा, चारी जॅक थोडे थोडे करून फिरवायचे, खोली हौद्यापासून चार बोटं उचलली गेली की टेम्पो खालून हळूच पुढं काढायचा. मग जॅक उलटे फिरवून खोली जमिनीजवळ आणायची. जॅक एकामागून एक, समान फिरवायचे. एक बाजू जास्त उचलली गेली तर सगळा डोलारा कलतो. प्रवासात खोली चार साखळ्या आणि टर्नबकलनी हौद्याला आवळलेली. पाण्याची साठ लिटरची टाकी मागच्या चाकांच्या जरा पुढं, म्हणजे वजन शेपटाकडं जात नाही. वजनकाट्यावर नेलं तेव्हा खोली आठशे चाळीस किलो भरली. दोन टन द्राक्षं ओढणाऱ्या गाडीला हे काहीच नाही.

आतली मापं मात्र कुठल्याच मिस्त्रीच्या हिशोबाची नव्हती. आईच्या खोलीत पलंगापासून दार किती पावलांवर, खिडकी कुठल्या कुशीला, ट्रंक कुठं, देवाचा कोनाडा किती उंच, हे सगळं वहिनीनं वहीत उतरवून घेतलं. दार डाव्या हाताला.

कायद्याचा प्रश्न होताच. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानं गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई आहे, आणि 2019च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते ठासून सांगितलं. भावाचं म्हणणं, ठोकून बसवली तर फेरफार, साखळीनं बांधली तर माल. चालत्या गाडीत मागं कुणी बसायचं नाही. आई पुढं केबिनमध्ये. शब्दांच्या अर्थावरच पोट असलेल्या माणसाला हा युक्तिवाद आवडायलाच हवा.

याला म्हणायचं काय, यावर एकमत झालं नाही. वेल्डिंगवाल्यानं पावतीवर ‘डबा’ लिहिलं. ‘कॅम्पर’ म्हणावं तर आमच्याकडं त्या नावाची एक गाडीच आहे. मी म्हणाले, बिऱ्हाड. या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. इंग्रजीत नेताना प्रत्येक वेळी त्यातलं काहीतरी मागं राहतं, कधी भाडं, कधी भांडीकुंडी, कधी माणसं. दक्षिणेकडं नेताना मात्र तो आनंदानं येतो. कन्नडात ‘बिडार’ म्हणजे उतरण्याची जागा, आणि शेजारच्या तेलुगू काकू ‘बिडारु’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर उंटांचा तांडा असतो. नेमाड्यांच्या कादंबरीचं ‘बिढार’ हे नावही याच कुळातलं.

तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या बहिणीनं स्टाइनबेकची गोष्ट सांगणं ओघानंच आलं. 1960मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यानं ट्रकवर खास छोटं घर बसवून घेतलं, डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याचं नाव रोसिनान्ते ठेवलं आणि कुत्र्याला घेऊन अमेरिका पालथी घातली. आता ती गाडी कॅलिफोर्नियातल्या सालिनासच्या संग्रहालयात आहे. भावानं सगळं ऐकून घेतलं. ‘त्याला दुसऱ्या दिवशी द्राक्षं न्यायची नव्हती,’ म्हणाला. आणि खरं तर इतक्या लांब जायची गरज नव्हतीच. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, कोंबड्या, पोरं, पाचटाच्या कोपीचे बांबू. त्यांच्यावर मी आजवर एक ओळ अनुवादलेली नाही, आणि पर्यटनाच्या पुरवण्यांत त्यांचा फोटो येत नाही.

फेब्रुवारीत बिऱ्हाड सोलापूर, उमरगा, जहीराबाद करत आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात आलं. खोली उतरवून भाऊ दुसऱ्या दिवशी परत गेला, हंगाम थांबत नव्हता. मार्चच्या उन्हासाठी वर बागेतलीच हिरवी शेडनेट ताणली. आत दुसरा बाक होता, त्यावर मी झोपायचे. संडासासाठी अंगण ओलांडून बारा पावलं, ती मी तिच्याबरोबर चालायचे.

चमत्कार वगैरे झाला नाही. पण रात्री उठली की हात डावीकडं जायचा आणि दार सापडायचं. दार उघडून ती बाहेर बघायची, आमच्या गल्लीतला दिवा, तेलुगू पाटी, आणि विचारायची, ‘आलो का गं आपण?’ कधी मी हो म्हणायचे, कधी अजून नाही. दोन्ही उत्तरांवर ती तितकीच समाधानानं परत आडवी व्हायची. जेवायला माझ्या ओट्यावर यायची, पण झोपायला तिच्या घरी. हट्ट शाबूत.

एप्रिलच्या शेवटी भाऊ आला. खोली जॅकवर उंच करून ठेवली होती; आता तिच्या पोटाखाली टेम्पो मागं घ्यायचा, दोन्ही बाजूंना चार चार इंच जागा. मी आईला सावलीत खुर्ची दिली. ती बसली नाही. सरळ मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशी जाऊन उभी राहिली, आणि फाळक्यावर दोनदा थाप मारली. वडिलांच्या गाडीला अशी थाप मारताना मी तिला लहानपणी पाहिलं होतं.

‘येऊ द्या,’ ती ओरडली. ‘येऊ द्या. डावं घ्या जरा. अहो, डावं!’

तिनं आपल्या मुलाला आयुष्यात कधी अहोजाहो केलेलं नाही. भावानं आरशात पाहिलं, काही बोलला नाही, आणि स्टिअरिंग डावीकडं घेतलं.