जुन्या विटांच्या घराला नवी खोली जोडताना

पवनेच्या काठावरच्या पिंपळे सौदागरच्या गावठाणात आणि त्याला लागून वाढलेल्या जुन्या वस्त्यांत, कोकणे चौकाच्या बाजूने उंच इमारतींची रांग उभी राहिल्यानंतरही, भाजलेल्या विटांची एकमजली आणि दुमजली घरे अजून टिकून आहेत. यांतील बरीच घरे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत नोकरी लागलेल्या पिढीने बचतीतून टप्प्याटप्प्याने बांधली. आता त्या घरांत मुलांचे संसार आणि नातवंडे आहेत, आणि दोन खोल्या व स्वयंपाकघर एवढ्या जागेत तीन पिढ्या मावत नाहीत. ‘वर मजला चढवायचा की मागे दोन खोल्या काढायच्या?’ हा प्रश्न अशा प्रत्येक घरात निघतो. त्याचे उत्तर बहुधा कंत्राटदार देतो आणि तेही दर चौरस फुटाच्या भावात देतो. जुने घर मुळात किती पेलू शकते हे मात्र कोणी विचारत नाही.

या घरांच्या भिंती भारवाहक असतात. छपराचा किंवा स्लॅबचा भार तेथे कॉलम-बीमच्या सांगाड्यावर न जाता थेट भिंतीवर, भिंतीतून जोत्यावर आणि जोत्यातून दगडी पायावर उतरतो. बाहेरची भिंत सहसा नऊ इंची, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर जाडीची असते आणि आतली आडोशाची भिंत साडेचार इंची. विटांमधला मसाला कोठे मातीचा, कोठे चुन्याचा, तर कोठे फार थोड्या सिमेंटचा असतो, आणि एकाच घरात तिन्ही प्रकार सापडणे नवलाचे नाही, कारण घर एका वर्षात बांधलेले नसते. गिलाव्याचा वीतभर तुकडा काढून दोन थरांमधला सांधा पेचकसाने खरवडला की मसाला खडा लागतो की भुसभुशीत वाळूसारखा गळतो हे लगेच कळते. विटेवर हातोडीची हलकी टिचकी मारली की नीट भाजलेली वीट खणखणीत वाजते आणि कच्ची वीट बद्द. त्याही पुढे जायचे असेल तर एक वीट चोवीस तास पाण्यात बुडवून तिचे वजन करावे; भारतीय मानकानुसार साध्या विटेने आपल्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये.

मजला चढवण्याचा हिशेब वाचकाला थोडा रुक्ष वाटेल, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. पाच इंची स्लॅब, त्यावरची फरशी आणि माणसे-सामान यांचा मानकाने ठरवलेला भार मिळून दर चौरस मीटरला ढोबळमानाने ६०० किलो धरावे लागतात. साडेतीन मीटर रुंदीच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा स्लॅब येतो, म्हणून भिंतीच्या दर धावत्या मीटरवर २,१०० किलो उतरतात, आणि तीन मीटर उंचीच्या नऊ इंची भिंतीचे स्वतःचे वजन त्यात सुमारे १,३०० किलोंची भर घालते. म्हणजे एका मजल्यामागे दर मीटरला ३,४०० किलो, किंवा भिंतीच्या दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो. मानकातील सर्वांत खालच्या वर्गाची वीट दर चौरस सेंटिमीटरला ३५ किलोंपर्यंत दाब सोसते, त्यामुळे ‘भिंत दणकट आहे’ हे मिस्त्रीचे वाक्य ऐकणाऱ्याला पटते. परंतु एकट्या विटेची ताकद म्हणजे भिंतीची ताकद नव्हे. मसाला, सांधे आणि भिंतीची उंची यांमुळे अशा भिंतीसाठी विटेच्या ताकदीचा सुमारे दहावा हिस्साच हिशेबात घेता येतो. त्या हिशेबाने सामान्य वीट दोन मजले कसेबसे पेलते, आणि मसाला मातीचा असेल तर तेवढेही नाही. शिकागोतील मोनॅडनॉक इमारतीचे १८९१ मध्ये पूर्ण झालेले सोळा मजले भारवाहक विटांवर उभे आहेत, पण त्यासाठी तळाशी भिंतींची जाडी सहा फूट ठेवावी लागली.

तरीही पिंपळे सौदागरसारख्या नदीकाठच्या गावात खरा धोका भिंतीखाली असतो. वर दिलेला भार साठ सेंटिमीटर रुंदीच्या पायावर पसरला की दर मजल्यामागे जमिनीवर दर चौरस मीटरला साडेपाच टनांहून अधिक दाब वाढतो. ज्या घरावर आजवर पत्रा होता, त्याच्या पायाने स्लॅबचे ओझे कधी अनुभवलेलेच नसते. खाली घट्ट मुरूम असेल तर हा वाढीव दाब चिंतेचा नसतो. काळी माती असेल तर असतो, कारण ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा पाया दरवर्षी थोडा वर-खाली करते. म्हणून जोत्यालगत दोन ठिकाणी खड्डे घेऊन पायाची रुंदी, खोली आणि त्याखालची जमीन पाहिल्याशिवाय मजल्याचा विचार करणे बेजबाबदारपणाचे आहे. हे सांगून सांगून या क्षेत्रातील अभियंते थकले आहेत. खड्डा घेण्यास एक दिवस लागतो, आणि तरीही हीच पायरी सर्वांत आधी वगळली जाते.

मागे खोल्या काढणे त्या मानाने सुरक्षित समजले जाते, आणि येथेच बांधकामव्यवसायातील एक जुना वाद उभा राहतो. तो सविस्तर मांडणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घरांचे नुकसान याच जागी होते. प्रचलित पद्धत अशी, की जुन्या भिंतीला दाते काढून नवी भिंत तिच्यात गुंतवायची, किंवा जुन्या भिंतीत भोके पाडून सळया घालायच्या आणि नवा स्लॅब तिच्यावरच टेकवायचा. तसे केल्याने एका भिंतीचा खर्च वाचतो आणि घर एकसंध दिसते. परंतु जुन्या घराखालची जमीन कित्येक वर्षांच्या दाबाने बसून गेलेली असते, तर नव्या खोल्यांखालची जमीन आता बसू लागणार असते. नवा भाग काही मिलिमीटर जरी खाली गेला तरी त्याला घट्ट धरून ठेवलेली जुनी भिंत ताणली जाते, आणि वीटकामाला दाब सोसतो पण ताण फारसा सोसत नाही. त्यातून खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी चढत जाणारी, सांध्यांच्या पायऱ्या धरून जाणारी भेग पडते. ती गिलाव्याने बुजवली की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच जागी उघडते आणि दोष रंगाऱ्याच्या माथी येतो.

भूकंपाचा मुद्दाही येथेच येतो. भूकंप मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे परिसर तिसऱ्या विभागात मोडतो, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यातही जाणवला होता. जुन्या घराची विटांची भिंत ताठ असते आणि नव्या खोल्यांचा आर.सी.सी.चा सांगाडा तुलनेने लवचिक, म्हणून दोघे वेगवेगळ्या लयीत हलतात आणि बांधून ठेवलेल्या सांध्यावर एकमेकांना ओढतात किंवा एकमेकांवर आदळतात. यासाठी नव्या भागाला स्वतःचा पाया, स्वतःचे कॉलम आणि स्वतःची भिंत द्यावी, आणि जुन्या-नव्यामध्ये मानकात सांगितलेली किमान २५ मिलिमीटरची फट पायापासून छतापर्यंत सलग ठेवावी. फटीतून पाणी शिरते हा सांधा जोडून घेणाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. त्यावर छतावर पत्र्याची घडी आणि भिंतीवर एका बाजूलाच पक्की केलेली पट्टी हा साधा उपाय आहे. खर्च वाढतो हा आक्षेपही खरा आहे, आणि त्याला उपाय नाही. दोन्ही भाग एकमजली, हलक्या छपराचे आणि एकाच घट्ट मुरमावर असतील तर सांधा जोडून घेण्याने फारसे बिघडत नाही, हेही मान्य करावे लागते. परंतु ही सूट कोठे लागू पडते याचा निवाडा जमीन उघडून पाहूनच करता येतो, आणि तेव्हाही थोडी शंका उरतेच.

दिवाणखाना मोठा करण्यासाठी मधली भिंत काढण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. भिंत पातळ दिसली की ती बिनकामाची, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात साडेचार इंची भिंतीवरही कधी कधी स्लॅबची कड टेकलेली असते. भिंत काढायचीच असेल तर आधी छताला दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत, मग लोखंडी गर्डर बसवावा, त्याची टोके काँक्रीटच्या उशीवर टेकवावीत आणि त्यानंतरच खालच्या विटा काढाव्यात. दारे-खिडक्यांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याच्या आत ठेवणे बरे, आणि मजले वाढतात तशी ही मर्यादा घटते. जुन्या भिंतीला ओल येत असेल तर तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवू नये. ओल आत कोंडली जाते आणि विटेचा पृष्ठभाग क्षारांमुळे फुटतो.

परवानगीबाबतही गैरसमज आहेत. रंग, गिलावा, फरशी यांसारख्या किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. खोली वाढवणे, मजला चढवणे किंवा भारवाहक भिंत हलवणे यांना १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली महापालिकेची परवानगी लागते, मग घर गावठाणातले का असेना. पवनेच्या पूररेषांपैकी निळ्या रेषेच्या आत नव्या खोलीचा विचार करू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे, आणि ही तपासणी वाढीव बांधकामाच्या आधी करून घेतली तर एकाच खर्चात दोन्ही कामे होतात.

दिवाळीनंतर काम काढण्याचा बेत असलेल्या घरमालकांनी त्याआधी एवढे करावे: प्रत्येक भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी, आणि जोत्यालगतचे दोन खड्डे अभियंत्यासमक्ष घ्यावेत. काच तडकली तर घर अजून हलते आहे, आणि ते का हलते हे कळेपर्यंत नव्या खोलीची पहिली कुदळ मारू नये.