तंबोऱ्याची परीक्षा

टोंकखुर्दच्या बाजारात सोयाबीनचं बियाणं मिळतं, मोटारपंप मिळतो, थ्रेशरचा पट्टा मिळतो. टर्नटेबल अर्थातच मिळत नाही. देवासच्या घरून बाबांची रेकॉर्डची पेटी इथे आणली, तेव्हाच यंत्रासाठी इंदूर गाठावं लागणार हे नक्की होतं. बेत वीस हजारांच्या आतला.

पेटीत बहुतेक एलपी. कुमार गंधर्वांच्या, थोडी नाट्यगीतं आणि अमीर खाँसाहेबांची 1960 ची ती प्रसिद्ध तबकडी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. देवासात एकेकाळी संस्थानाच्या दोन पात्या नांदत होत्या, थोरली आणि धाकटी. आमच्या घरात मारव्याची बाजू थोरली होती, दरबारी कमी वाजायची. तळाशी लाखेच्या काही जुन्या 78 च्या रेकॉर्डही होत्या.

यंत्र घ्यायचं ते या पेटीसाठी, हे एकदा ठरल्यावर दुकानातली अर्धी मांडणी आपोआप बाद झाली. सध्या सुटकेससारख्या दिसणाऱ्या, स्पीकर पोटातच असलेल्या पेट्या खूप खपतात. दिसतात गोड. पण त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास जातो आणि तो कमी करायला हातामागे वजनच नसतं. शिवाय स्पीकरचा हादरा थेट सुईला पोचतो. नव्या हौशी माणसानं दोन तबकड्या वाजवाव्यात इतपत ठीक. बाबांचा मारवा मी तिच्याखाली घातला नसता.

नव्या यंत्रांत ऑडिओ-टेक्निकाचं एलपी60 एक्स मनात भरलं होतं. बटण दाबलं की हात आपसूक रेकॉर्डवर जातो, प्रीअँप आतच, सुई बदलायला स्वस्त. पण भार कारखान्यातच ठरलेला. मला तो हातात हवा होता. शेवटी दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडे जुनं जपानी बेल्टचं यंत्र मिळालं. हात सरळ, मागे फिरवायचं वजन, पुढचं हेडशेल सुटं होणारं. ‘‘साहब, चमक मत देखो, हाथ हिलाकर देखो,’’ ते म्हणाले. हाताच्या बेअरिंगमध्ये खडखड नव्हती. रबरी बेल्ट मात्र ढिला पडला होता, तो नवा घातला. वाचलेल्या पैशांत नवं व्हीएम95ई कार्ट्रिज आलं. माझ्या मते स्वस्तातल्या खरेदीचं गणित हेच: यंत्र जुनं चालेल, सुई नवी हवी.

पैसे देण्याआधी मी सोबत नेलेली कुमारजींची एलपी लावायला सांगितली. 1948 मध्ये क्षयाने आजारी असताना ते कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. तंबोरे लावण्यातला त्यांचा काटेकोरपणा गाण्यातल्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून यंत्र जोखायला तंबोऱ्यासारखं दुसरं काही नाही. ढोलक, सतार, ऑर्केस्ट्रा, सगळे वेगातला दोष झाकतात. तंबोऱ्याचा लांबलेला षड्ज झाकत नाही. तो जरा डुलला की यंत्र नापास.

तो डुललाच! पण मोजून पाहिलं तर दर फेरीला एकदा, म्हणजे 1.8 सेकंदांनी. दुसरी रेकॉर्ड लावली, तिथे षड्ज स्थिर. म्हणजे पहिल्या तबकडीचं भोक मध्यापासून किंचित सरकलेलं, यंत्र निर्दोष. काका हसून म्हणाले, ‘‘अब ले जाओ.’’

घरी मांडणीला खरा वेळ लागला. लाकडी टेबल पावलागणिक हलायचं, म्हणून भिंतीत कडप्प्याची फळी बसवली आणि गवंड्याची पाणसळ ठेवून पातळी साधली. सुईचा भार दोन ग्रॅम. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आणला. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाचेच्या भिंती खरवडते. कार्ट्रिजचा कोन कागदी मापावर जुळवला.

वेग तपासायला 180 रेघांची छापील चकती चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरवली. 50 हर्ट्झच्या विजेवर ती ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्यामुळे वेग बरोबर असेल तर रेघा जागीच थांबल्यासारख्या दिसतात. आमच्याकडे व्होल्टेज कितीही पडो, फ्रीक्वेन्सी इतकी हलत नाही. वेग एक टक्का जरी घटला, तरी स्वर अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्श्याइतका उतरतो.

मग उरली ती घूं घूं. कार्ट्रिजमधून येतात काही मिलिव्होल्ट, त्यामुळे अर्थिंगची बारीक तार अँपला जोडली नाही तर मेन्सची गुणगुण सगळीकडे पसरते. बाबांच्या जुन्या अँपला ‘फोनो’ची जागा होती, वेगळा प्रीअँप घ्यावा लागला नाही. तार जोडली, गुणगुण निम्मी झाली. बाकीची घराच्याच अर्थिंगमधली होती. वायरमननं अंगणातल्या खड्ड्यात मीठ, कोळसा, पाणी घातल्यावर तीही गेली. शेजारच्या दादांना वाटलं, मी अंगणात झाड लावतोय.

78 च्या रेकॉर्डना या सुईनं हात लावत नाही. त्यांची खाच कितीतरी रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते. या यंत्राला 78 चा वेगही नाही. कार्ट्रिजच्या याच अंगाला बसणारी 78 ची सुई मिळते. ती लावून रेकॉर्ड 45 वर वाजवायची आणि संगणकावर 1.73 पट वेगानं पळवायची, हा उपाय बरेच संग्राहक करतात. सुरांचा उजेड-अंधार मग थोडा हातानं दुरुस्त करावा लागतो. ती सुई घ्यायची ती सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर.