बिनइंजिनाचे रॉकेट

शाळेच्या कार्यालयात, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या उजव्या हाताला जे काचेचे कपाट आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात एक लाकडी विमान ठेवलेले आढळेल. हातभर लांब, रंग न दिलेले, डावा पंख दोन ठिकाणी सांधलेला. पाहुणे ढाली आणि चषक पाहून झाले की त्याच्याकडे वळतात आणि 'हे काय?' असे हमखास विचारतात. स्मरणिकेच्या संपादकांनी एखादी आठवण लिहून मागितली तेव्हा संस्थेचा इतिहास, वसतिगृहाचे बांधकाम, निकालांची परंपरा हे विषय इतर मंडळी अधिक अधिकाराने हाताळतील, हे ध्यानात घेऊन आम्ही या विमानाचीच हकिकत लिहावयाचे ठरविले. तीत आमची फारशी शोभा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आपलाच एक माजी विद्यार्थी अमेरिकेत नोकरीस असतो. 2022 च्या डिसेंबरात तो रजेवर आला आणि मुलांसाठी एक खोके ठेवून गेला. त्यात बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, पुठ्ठ्याची नळी, थोडे सटरफटर सामान आणि इंग्रजी सूचनापत्र होते. जोडून झाले की हे खेळणे रॉकेट म्हणून वर जाते आणि विमान म्हणून खाली येते. नळीत बोटाएवढे दारूचे इंजिन बसवून ते लांबून विजेच्या तारेने पेटवितात. दारू एक-दोन सेकंदांत संपते, तरी रॉकेट मिळालेल्या वेगावर आणखी काही सेकंद चढत राहते. शिखराजवळ इंजिनातला शेवटचा लहानसा भपका त्या नळीला ढकलून विमानापासून सोडवितो. नाकाजवळचे वजन असे गेले की तोल मागे सरकतो आणि इतका वेळ बाणासारखे निघालेले ते यंत्र घारीसारखे तरंगू लागते.

इंजिन मात्र खोक्यात नव्हते. प्रवासी विमानाच्या सामानातून स्फोटके नेता येत नाहीत. दिवाळीतला बाण बसवून पाहू, असे एका सहकाऱ्याने सुचविले. ते आम्ही साफ नाकारले. रॉकेट म्हटले की आम्हां इतिहासवाल्यांना म्हैसूरच्या फौजेतील लोखंडी नळ्यांचे बाण आणि 1799 चा श्रीरंगपट्टणचा पाडाव आठवतो. पण खेळण्यातल्या रॉकेटचा जन्म निराळ्याच काळजीतून झाला. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, नॉरफोक गावी, ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा एक बुटांचा दुकानदार होता. शोभेच्या दारूचा त्याला नाद. 1954 साली त्याने हलके, पुनःपुन्हा उडविता येईल असे रॉकेट तयार केले. पोरे घरच्या घरी दारू कुटून रॉकेटे करतात आणि जायबंदी होतात, अशा आशयाचे जी. हॅरी स्टाइन या जाणकाराचे लेखन वाचून कार्लाइलने 1957 मध्ये आपले नमुने त्याच्याकडे धाडले. मुलांनी दारूला हात न लावता रॉकेट उडवावे, हे त्यामागचे सूत्र. हा मनुष्य पायताणांचे दुकान चालवीत असे, हे आम्ही वर्गात जरा ठासूनच सांगतो.

तर इंजिन नाही, वस्तू परदेशी, मुले दांडगी. आम्ही ते खोके कपाटात ठेवून कुलूप लावले आणि काचेवर आपल्या हस्ताक्षरात एक चिठ्ठी डकविली: 'हात लावू नये'.

2 एप्रिल 2023 रोजी कर्नाटकात चित्रदुर्गजवळ इस्रोने आपल्या पंखधारी यानाची चाचणी घेतली. बातमीचे कात्रण दुसऱ्या दिवशी फलकावर लागले. त्याच दुपारी सहावीतला एक मुलगा कार्यालयात आला. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात ते उन्हाळ्यात परततात. तो कपाटासमोर उभा राहिला, काचेपासून चांगला हातभर दूर, दोन्ही हात पाठीमागे बांधून. आम्ही मान वर केली तोच म्हणाला,

"हात नाही लावत, सर. लांबूनच बघतो."

चवदार तळ्याचा 20 मार्च 1927 हा दिवस आम्ही पंचवीसहून अधिक वर्षे शिकवीत आलो आहोत. त्या वर्षीही दोनच आठवड्यांपूर्वी शिकविला होता आणि बरा शिकविला, अशी आमची समजूत होती. तो मुलगा असा का उभा आहे, हे त्याला विचारण्याची गरज नव्हती. अक्षर आमचेच होते. तो गेल्यावर आम्ही चिठ्ठी काढली. काचेवर डिंकाचा चौकोन तेवढा राहिला. तो अजून आहे.

संध्याकाळच्या अभ्यासिकेनंतर ग्रंथालयाच्या टेबलावर काम सुरू झाले. सूचनापत्राचे मराठी आम्ही करावे आणि हात मुलांनी चालवावेत, अशी वाटणी ठरली. पंखाची वरची बाजू काचकागदाने घासून पुढची कड गोलसर आणि मागची कड पातळ करावयाची. लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीने जातील असेच तुकडे कापावयाचे, नाहीतर पंख वाऱ्यात मोडतो. दोन्ही पंखांची टोके किंचित वर उचलून चिकटवावयाची, म्हणजे एका कुशीवर कलंडलेले विमान आपोआप सावरते. फेव्हिकॉल वाळेपर्यंत पंखांखाली पुस्तके रचून ठेवली होती. घाई करणारे आम्हीच होतो, मुले नव्हे.

तोल साधण्याचे काम सातवीतल्या एका मुलीने आपल्याकडे घेतले. तिची आई आठवडी बाजारात भाजी विकते. तिने दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान उचलले आणि म्हणाली, "सर, काटा मागं झुकतोय." सूचनापत्रात तोलाची जी खूण दिली होती, तिच्या मागेच विमान झुकत होते. नाकाला ओल्या मातीची गोळी लावली, तोल बरोबर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काटा मागे. आम्ही सूचनापत्र पालथे घालीत बसलो. तिने गोळी नखाने टोकरून दाखविली. माती वाळली होती, पाणी उडून गेले होते, तेवढेच वजन कमी झाले होते. जयंतीच्या वंदनेनंतर विहारात उरलेल्या मेणबत्त्यांचे मेण तिने मळून लावले. मेण वाळून हलके होत नाही.

आता इंजिनाचा प्रश्न. इस्रोचे असेच एक यान 23 मे 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून खरोखरच रॉकेटवर बसून सुमारे 65 किलोमीटर उंच गेले होते. परंतु चित्रदुर्गच्या यानाला चिनूक हेलिकॉप्टरने 4.5 किलोमीटर उंचीवर नेऊन नुसते सोडले. तेथून ते तरंगत येऊन धावपट्टीवर उतरले. मुलांनी त्या कात्रणावरूनच आमच्याशी वाद घातला: वर न्यायला काहीही चालेल, उतरणे त्याचे त्याला आले पाहिजे. मग पुठ्ठ्याची नळी बाजूला ठेवली, नाकाखाली बांबूच्या कामटीचा आकडा बसविला आणि सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापून तिची बेचकी केली. बेचकीच्या बाबतीत आमची मुले कोणाला हार जाणारी नाहीत.

सकाळच्या वंदनेनंतर, वारा पडलेला असताना, सगळी मैदानावर जमली. पहिले उड्डाण वडीलधारे म्हणून आमच्याकडे आले. आम्ही रबर हवे त्याहून बरेच ताणले आणि विमान सरळ समोर सोडले. तरंगण्यासाठी मागची शेपटी जराशी वर वळविलेली असते. वेग जास्त झाला की तीच शेपटी नाक उचलीत जाते. विमानाने हवेत एक पूर्ण गिरकी घेतली आणि आमच्या पायांपासून चार पावलांवर आपटले. डावा पंख मोडला. मुले मोडतील म्हणून ज्याला चार महिने कुलूप लावले, ते आमच्याच हातून मोडले. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

रात्री पंख सांधला गेला. दुसऱ्या दिवशी बेचकी त्या सहावीतल्या मुलाच्या हाती दिली. त्याने रबर अर्धेच ताणले आणि विमान उजव्या कुशीवर बरेच कलते धरून सोडले. का, असे आम्ही नंतर विचारले, तर "सरळ सोडलं की उलटं येतंय ना, सर" एवढेच उत्तर मिळाले. विमान वळणावळणाने कडुलिंबाच्या शेंड्याइतके चढले, वर क्षणभर थांबल्यासारखे झाले, आणि मग डावीकडे मोठे वळण घेत उतरू लागले. पोरे एका सुरात सेकंद मोजीत होती. अकरा म्हणताच ते स्वयंपाकघराच्या पत्र्यावर टेकले. भाकरी थापता थापता मावशी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि पत्र्यावर काय पडले म्हणून ओरडू लागल्या.

पुढच्या वर्षी, 22 मार्च 2024 च्या चाचणीच्या वेळी, त्याच यानाचे 'पुष्पक' हे नाव वर्तमानपत्रांत झळकले. 'म्हणजे पूर्वी खरेच विमाने होती का?' हा प्रश्न वर्गात येणारच होता. 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले, अशी कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. तिला त्या काळचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये तपासली आणि ती उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. हे सांगून आम्ही थांबलो. उरलेले त्या मुलीने सांगितले: काटा कुठं झुकतो ते आधी बघायचं. कालाम सुत्त शिकविताना हे उदाहरण आम्हाला आजवर सुचले नव्हते.

कपाटाला आता कुलूप नसते. डाव्या पंखावरचा दुसरा सांधा कोणत्या उड्डाणातला, ते आम्ही विचारले नाही. परदेशातील तो विद्यार्थी फोनवर अधूनमधून चौकशी करतो. इंजिन मिळाले का, हाच त्याचा पहिला प्रश्न असतो. यंदा आम्ही त्याला मुलांच्या वहीची छायाचित्रे पाठविली. तीत तारीख, वारा, रबर किती ताणले आणि किती सेकंद, असे रकाने आखले आहेत. सर्वांत मोठा आकडा 19 आहे. आमच्या नावापुढे 2 आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात, कोणाच्या तरी वळणदार अक्षरात, 'सरांनी जास्त ताणले' असे लिहिलेले आहे.