बघून टाका

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बिडी ब्रँचमध्ये मी अकरा वर्षं माल तपासला. बायका पान, तंबाखू आणि दोरा घरी न्यायच्या. पानं भिजवून पत्र्याच्या मापानं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडून दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांवर. सकाळी पाट्या घेऊन त्या ओळीनं बसायच्या आणि मी बघून खराब बिड्या काढायचो. त्याला छाट म्हणतात. छाटीत गेलेल्या बिडीची मजुरी बुडते.

‘बघून’ म्हणालो, ते खरं नाही. पहिलं वर्ष बघितलं. पुढे हाताला सवय लागली. पाटीत हात घालायचा, मूठभर बिड्या टोपलीत टाकायच्या, पुढची पाटी. सगळ्यांची छाट सारखीच निघते, म्हणजे मी कुणावर अन्याय करत नाही, असं मनाला समजावत होतो.

एकदा एक वयस्कर अक्का हळूच म्हणाल्या, “दादा, टाका की वो, पण बघून टाका.”

मला राग आला. मी त्यांच्या पाटीतली आणखी एक मूठ काढली.

दुपारी ब्रँच रिकामी झाली तेव्हा टोपलीतल्या त्या बिड्या हातात घेतल्या. तोंड नीट दुमडलेलं, दोरा घट्ट, भरण एकसारखं. दहा बघितल्या. एकीच्या पानाला चीर होती. नऊ चांगल्या होत्या.

त्या जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नेहमीसारखा नंदीध्वजांमागे चाललो. बाराव्या शतकातल्या शरण संतांनी कष्टाला कायक म्हटलं, पूजेचा मान दिला, हे त्यांच्यातल्याच सिद्धरामेश्वरांच्या या गावात लहानपणापासून ऐकलेलं. मंदिराच्या तळ्याकाठी उभा राहिलो, पण मान वर होईना. माझ्या कायकात माझे डोळेच नव्हते. ज्याला मी कंटाळा समजत होतो, ती चोरी होती. माझ्या बेफिकिरीचे पैसे त्या बायका भरत होत्या.

त्यानंतर काढलेली प्रत्येक बिडी जिची तिला दाखवू लागलो, कारण सांगू लागलो. वेळ दुप्पट लागला, वरून बोलणीही खाल्ली. छाट मात्र निम्म्यावर आली.

अक्कांची माफी मागायचं धाडस करायला मला दोन महिने लागले. तोवर त्यांनी ब्रँच बदलली होती. त्यांची ती मजुरी अजून माझ्याकडे बाकी आहे.