पूर्वाधिकाऱ्याचे मासे

सरकारी नोकरीत बदली झाली की नव्या जागी पदभार घेताना याद्या केल्या जातात. कपाटे किती, किल्ल्या किती, प्रलंबित प्रकरणे किती, न्यायालयीन दावे किती, हे सर्व लिहून दोघांच्या सह्या होतात. भिलाईला रुजू झालो तेव्हा अशी यादी झालीच. पण यादीत नसलेली एक वस्तू मला निवासस्थानी मिळाली. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच अशी काचेची पेटी, आणि तीत चौदा मासे.

माझे पूर्वाधिकारी बंगाली गृहस्थ होते. त्यांची बदली थेट ईशान्येकडे झाली होती आणि एवढ्या लांबच्या प्रवासात मासे नेणे शक्य नव्हते. जाताना ते म्हणाले, "रोज चिमूटभर खाणे घाला, आठवड्याला एक बादली पाणी बदला, बाकी कशाला हात लावू नका." मी मान डोलावली. पूर्वाधिकाऱ्याच्या सूचनांना नवा अधिकारी जशी मान डोलावतो, तशीच.

घरची मंडळी मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यातच राहिली होती. एप्रिल महिना होता. संध्याकाळी कार्यालयातून परतल्यावर त्या रिकाम्या घरात हालचाल काय ती त्या पेटीतच असे. पहिल्या रविवारी मी ती नीट पाहिली. काचेवर हिरवट थर, तळाच्या खडीत तपकिरी गाळ, आणि फिल्टरमधला स्पंज तर काळपट, बुळबुळीत. मला ते साक्षात दुर्लक्षाचे चित्र वाटले. शिपायाला मदतीला घेऊन मी सगळे मासे बादलीत काढले, खडी नळाखाली धुतली, स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला, काचा घासल्या आणि नळाचे ताजे पाणी भरले. शिपाई जुना होता. तो एवढेच म्हणाला, "साहेब, आधीचे साहेब एवढं धूत नव्हते." मी म्हणालो, "म्हणून तर इतकी घाण झाली होती."

त्या संध्याकाळी पेटी फार सुंदर दिसली. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले. त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. पाचव्या दिवसापर्यंत नऊ मासे मेले. आणि या सर्व काळात पाणी आरशासारखे नितळ होते.

सुपेल्याच्या बाजारात मासे विकणारा एक दुकानदार आहे. त्याच्याकडे माल कोलकात्याहून येतो. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यांत घालून हावडा-मुंबई मार्गावरच्या गाडीने. सर्व हकिकत ऐकून त्याने विचारले, "स्पंज धुतला का?" मी मोठ्या अभिमानाने हो म्हणालो. तो हसला नाही. आपल्या टाकीतल्या स्पंजचा एक घाणेरडा तुकडा कापून त्याने पिशवीत घातला आणि म्हणाला, "हा तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. याचे पैसे नाहीत." पैसे देऊन नव्हे, तर उसना मळ मागून आणावा लागण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग.

पुढे मी या विषयावर वाचन केले, आणि जे समजले ते थोडक्यात असे. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो माशांना विषारी असतो. नदीत हे विष वाहून जाते, विरून जाते. पेटीत जाणार कुठे? तेथे ते काम जीवाणू करतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, जे अजूनही विषारीच असते. दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणापर्यंत मासे सहन करतात. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून असतात. म्हणजे मी जो मळ समजून धुतला, तोच त्या पेटीचा कर्मचारीवर्ग होता. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले जीवाणूही मारले. शिवाय हे जीवाणू फार सावकाश वाढतात; नव्या पेटीत त्यांचे बस्तान बसायला महिना ते दीड महिना लागतो. दुकानात काच, पंप, मासे, वनस्पती सर्व विकत मिळते. ही एक गोष्ट वेळ देऊनच मिळवावी लागते.

उरलेल्या पाच माशांसाठी मग नियम पाळले. खाणे दोन दिवस बंद आणि नंतर अगदी कमी, कारण जेवढे खाणे तेवढा अमोनिया. रोज पाव हिस्सा पाणी बदलायचे. पण नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपोचे खडे मिळतात, तेही चालतात. स्पंज मळलाच तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळायचा, नळाखाली कधीही नाही. पाचही मासे जगले.

भिलाईचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा. तांदुला धरणाचे पाणी कालव्याने मरोद्याच्या जलाशयात येते आणि त्यावर पोलाद कारखान्याचे हे गाव चालते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की नळाचे पाणीही कोमट येते. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो. उलट, उष्णतेत माशांना प्राणवायू अधिक लागतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सहज समजावे: मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. उपाय साधे आहेत. हवेचा पंप बंद पडू देऊ नये, पेटीचे झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा, आणि मासे मुळात कमी ठेवावेत. वाऱ्याने पाणी आटते, म्हणून भर घालावी लागते. पण भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. आटताना फक्त पाणी जाते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात.

आता पूर्वाधिकाऱ्यांच्या त्या एका बादलीचे गणित सांगतो. खडी वगळता माझ्या पेटीत पंचेचाळीस-सत्तेचाळीस लिटर पाणी राहते. बादली बारा लिटरची. म्हणजे आठवड्याला साधारण पाव हिस्सा. समजा, आठवड्याला नायट्रेटची एक मात्रा तयार होते आणि आपण दर आठवड्याला पाव भाग काढतो. तर हळूहळू साठा चार मात्रांवर येऊन स्थिरावतो. त्यातली एक काढली की तीन उरतात, आठवड्यात पुन्हा चार होतात. काहीच काढले नाही तर साठा वाढतच जातो आणि कधीतरी मासे दगावतात. सगळेच काढले तर व्यवस्थेला धक्का बसतो. पाव भाग, पण न चुकता, हेच त्या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले होते.

मासे निवडतानाही हेच पथ्य. दुकानात दोन इंचांचा दिसणारा सकर मासा, जो काचेवरचे शेवाळ खातो म्हणून लोक हौसेने नेतात, तो फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. मग पेटीत मावेना म्हणून कोणी त्याला तलावात सोडून देतो. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या माशाने आज आपल्याकडील अनेक जलाशयांत ठाण मांडले आहे. आपल्या घरची अडचण सार्वजनिक तलावावर ढकलण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. माझ्या पेटीत आता आठ झेब्रा मासे आणि गुरामीची एक जोडी आहे. दोन्ही आपल्याच देशातले. झेब्रा माशाची शास्त्रीय नोंद प्रथम फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात केली. तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता. बंगालच्या पाहणीवर असताना त्याने नद्यांतले मासेही पाहून ठेवले. फिरतीवरच्या अधिकाऱ्याने आजूबाजूला डोळे उघडे ठेवावेत, इतके तरी त्याच्याकडून घ्यावे.

हे सर्व मी प्रशासनावरील लेखांत का लिहितो आहे, असे वाचक विचारतील. त्याचे कारण सांगणे मला जड जाते, पण सांगितले पाहिजे.

मासे मेले त्याच महिन्यात मी कार्यालयातही अशीच एक स्वच्छता केली होती. एका शाखेत तीन कर्मचारी वर्षानुवर्षे त्याच टेबलावर होते. टेबलांवर जुन्या नोंदवह्यांचे ढीग, चिठ्ठ्या, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. मी एकाच आदेशाने तिघांची टेबले बदलली आणि जुने कागद अभिलेख कक्षात पाठवले. आठवड्याभरात शाखा चकचकीत दिसू लागली. त्या ढिगात एक हाताने लिहिलेली वही होती, जिच्यात कोणाच्या सेवापुस्तकात कोणती नोंद अपुरी आहे आणि ती कोठून मागवली आहे, हे टिपलेले होते. ती वही कोणत्याही नियमाने ठेवलेली नव्हती, म्हणून कोणाच्याही यादीत नव्हती.

पाच महिन्यांनी राजनांदगावकडच्या एका खेड्यातून एक बाई भेटायला आल्या. पती सेवेत असताना वारले होते. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले नव्हते. फाइल एका अपुऱ्या नोंदीवर अडली होती, आणि ती नोंद कोठे मिळेल हे नव्या कर्मचाऱ्याला ठाऊक नव्हते. जुन्याला बोलावले. त्याने दहा मिनिटांत गठ्ठा शोधून वही काढली. त्याच दिवशी तात्पुरत्या निवृत्तिवेतनाचा आदेश काढला. बाईंना मी म्हणालो, "चूक कार्यालयाची नाही, माझी आहे." त्या म्हणाल्या, "साहेब, पाच महिने उसनवारीवर काढले." एवढेच. रागही नव्हता. तो असता तर बरे वाटले असते.

टेबले बदलू नयेत, असे मला म्हणायचे नाही. बदली आणि फेरपालट आवश्यकच आहेत; एकाच खुर्चीत फार काळ बसलेल्या माणसाभोवती जे साचते, त्यात वहीसारख्या उपयोगी गोष्टी असतात तशा अपायकारकही असतात. साचलेले नायट्रेटही मासे मारतेच. पण पाणी, खडी आणि स्पंज एकाच दिवशी धुवायचे नसतात. तीन टेबले एकाच आदेशाने बदलायची नसतात. आज एक, दोन महिन्यांनी दुसरे, आणि प्रत्येक वेळी जाणाऱ्याने येणाऱ्याशेजारी पंधरा दिवस बसावे. आणि मुख्य म्हणजे, नव्या अधिकाऱ्याने पहिल्या महिन्यात जे घाण दिसते त्याबद्दल एक प्रश्न विचारावा: हे येथे काय काम करीत आहे? उत्तर मिळाले नाही, तर बादली उचलण्याआधी आणखी थोडे थांबावे.

माझीही येथून बदली कधीतरी होईल. तेव्हा येणाऱ्या अधिकाऱ्याला मी मासे दाखवीन आणि तेच तीन नियम सांगेन. तो मान डोलावील. म्हणून या वेळी मी ते पदभाराच्या यादीत लिहून, त्यावर त्याची सही घेणार आहे.