जिंजर, आलं आणि सुंठ



बिस्किटाच्या पुड्यावर किंवा चहाच्या पाकिटावर 'जिंजर' दिसलं की आपला हात थांबतो. शब्द इंग्रजी वाटतो, पण त्याचं माहेर आपल्याकडचंच. संस्कृतात शृंगवेर, पालीत सिंगिवेर. माल जहाजातून पश्चिमेला गेला, नावही सोबत गेलं. ग्रीकांनी त्याचं झिंगिबेरिस केलं, लॅटिनमध्ये झिंगिबेर झालं आणि पुढे झिजत झिजत इंग्रजीत जिंजर. शृंग म्हणजे शिंग, त्या आकारावरून नाव पडलं असं सांगतात. पण भाषेचे अभ्यासक मूळ आणखी दक्षिणेला शोधतात. तमिळमध्ये आल्याला इंजी म्हणतात आणि 'वेर' म्हणजे झाडाचं मूळ.

दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधू-साध्वींना न कल्पणाऱ्या गोष्टींची यादी आहे. तिच्यात मुळा आणि उसाच्या कांड्याबरोबर 'सिंगबेर' येतं. पुड्यावरचा शब्द आणि आगमातला शब्द एकाच घरचे! तिथेही हरकत आहे ती सचित्त वस्तूला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे नातीचा प्रश्न. ती इंग्रजी शाळेत जाते. गेल्या चातुर्मासात काढा करताना म्हणाली, "आजी, आपण जिंजर खात नाही ना? मग ड्राय जिंजर कसं चालतं? ही तर चीटिंग झाली."

इंग्रजीत ऐकलं तर तिचं बरोबरच आहे. तिथे दोन्हींना नाव एकच, पुढे फक्त 'ड्राय' लावायचं. आपल्याकडे मात्र नावंच दोन. आलं आलंय 'आर्द्रक' या शब्दावरून, आर्द्र म्हणजे ओलं. सुंठ आली 'शुंठी'वरून. ओलं आलं मातीत ठेवलं तर डोळ्यातून कोंब फुटतो. ते अनंतकाय, एका कंदात अनंत जीव. सुंठ कितीही दिवस मातीत ठेवा, उगवत नाही.

मी हे समजावलं, तर तिचा पुढचा प्रश्न तयार. "पण वाळवताना जीव मरतातच ना?"

मरतात. तिला तसंच सांगितलं. म्हणूनच सुंठ आपण भाजीसारखी खात नाही. औषधापुरती, चिमूटभर. सुंठीवाचून खोकला गेला तर उत्तमच! आणि कोणी तीही सोडली असेल, तर तिच्या त्यागाची अनुमोदना करावी, वाद घालू नये.

बाजारात मात्र 'जिंजर' एवढंच वाचून थांबू नका. जिंजर-गार्लिक पेस्ट म्हणजे ओलं आलं, वर लसूण. जिंजरब्रेडमध्ये बहुधा सुंठीची पूड असते, पण अंडंही असू शकतं, तेव्हा हिरवा ठिपका पाहाच. गंमत म्हणजे या नावातला 'ब्रेड' मुळात ब्रेड नव्हेच. जुन्या फ्रेंचमध्ये मुरवलेल्या आल्याला जिंजेम्ब्रास म्हणत, इंग्रजांच्या कानाने त्याचा ब्रेड केला.

मुलं शाळेत इंग्रजी बोलणारच. घरात मात्र डब्यावर 'सुंठ' असंच लिहा आणि तसंच म्हणा. आपले नियम इंग्रजीतून सांगितले की मुलांना उगाच खोटे वाटू लागतात. तुमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत, जरूर कळवा.