कुवेतची वेस

जहरा वेस पाहायची म्हटल्यावर टॅक्सीवाला हसला. मॉल सोडून वेस पाहणारा मराठीचा मास्तर त्याला बहुधा प्रथमच भेटत असावा. मोटारींच्या गराड्यात, चौकाच्या मधोमध उभी आहे बिचारी! १९२० साली हल्ल्याच्या धास्तीने गावाने तट बांधला, १९५७ साली पाडला. वेशी तेवढ्या ठेवल्या.

तट पाडला तो तेलाने. १९४६ साली तेलाचे पहिले जहाज निघाले, आणि पुढे शेख अब्दुल्ला अस-सालिम यांच्या काळात पैसा घरोघरी पोचवण्याची नामी युक्ती निघाली : तटाच्या आतली जुनी घरे सरकारनेच चढ्या भावाने विकत घेतली. शाळा-दवाखाना फुकट, नोकरी सरकारी. (१९६१ पर्यंत इथे रुपयाच चाले, बरे का!)

एवढे मिळाल्यावर प्रजेने गप्प बसावे की नाही? पण कुवेती माणूस हिशेब विचारणारा. १९६२ साली घटना आली, १९६३ साली सभा निवडून आली. १९७६ आणि १९८६ साली तिला कुलूप लागले. १९९० साली इराकी सैन्य घुसले, तेव्हा जेद्दाला जमलेले विरोधक राजघराण्याच्याच पाठीशी उभे राहिले. मात्र घटना परत आणण्याचे वचन घेऊन. १९९२ साली सभा परतली. मे २०२४ मध्ये अमीरांनी ती पुन्हा बरखास्त केली, घटनेची काही कलमेही स्थगित केली.

हे सारे नागरिकांचे. देशातली सुमारे दोन-तृतीयांश वस्ती परदेशी; आणि बिदून, म्हणजे कुठलेच नागरिकत्व नसलेले, ते निराळेच. आमचा टॅक्सीवाला केरळचा, बावीस वर्षे इथे.

"या तेलात तुमचा वाटा काय हो?" मी विचारले.

"टाकी मीच भरतो, साब. पैसे देऊन," तो म्हणाला, आणि त्याने गाडी चालू केली.